साहेब आणि पाच तालुके

आमच्या घरचं बोलणं फाटकाबाहेर उभं राहून ऐकलं, तर मी कुणा बड्या अधिकाऱ्याकडे गडी म्हणून राहतो असं वाटावं. "साहेबांना सलाईन लावलंय, मागून फोन करतो." "साहेब पुन्हा दाराआड अडकले." "साहेबांनी आज काही खाल्लं नाही, नुसतं पाणी पिऊन बसलेत." सिलिंडर द्यायला येणाऱ्या पोरानं परवा शेवटी विचारलंच, "काकाजी, कोन्ते साहेब हायेत हे? लय दिवसाचे बिमार दिसतेत."

तेवढ्यात साहेब आतून आले. आले म्हणजे आधी उंबऱ्यापाशी थांबले, मागच्या दोन पायांची वाट पाहिली, आणि ते येऊन पोचल्यावर पुढचे दोन उचलले. पोरगं म्हणालं, "हे?" आणि सिलिंडर ठेवून निघून गेलं.

साहेब हा आमचा कुत्रा. जात गावठी, रंग चहाचा, कान एक उभा आणि एक रजेवर. २०११ च्या पावसाळ्यात मी एका दाखल्यासाठी वाशिमच्या एका सरकारी कचेरीत खेटे घालत होतो. तिथे उभ्या जीपखाली हे पिल्लू बसलं होतं आणि काही केल्या निघत नव्हतं. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आता हे साहेब उठतीन तवा आमचे साहेब निघतीन." दाखला त्या दिवशीही मिळाला नाही. पण रिकाम्या हातानं घरी जायची सवय मोडावी म्हणून मी पिल्लू उचललं.

म्हणजे साहेबांचं वय आज चौदा. सातच्या पाढ्यानं ते अठ्ठ्याण्णव होतात. पण मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, मला पाढ्यानं समाधान होत नाही. २०२० साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या वयाच्या खुणा तपासून नवं सूत्र काढलं: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, सोळानं गुणा, एकतीस मिळवा. मी माळ्यावरचं लॉगचं जुनं पुस्तक काढलं, धूळ झटकली, शिंकलो आणि हिशेब मांडला. साहेब त्र्याहत्तर वर्षांचे निघाले. लॅब्रेडॉरचं सूत्र गावठी रक्ताला कितपत लागू पडतं हा प्रश्न आहेच. पण माझं वय सहासष्ट. दोन्ही रीतींनी ते वडील ठरतात, म्हणून अहो-जाहो.

त्र्याहत्तराव्या वर्षी असावं ते सगळं त्यांना आहे. मागच्या पायांचे सांधे धरलेत. दोन्ही डोळ्यांत दुधाची साय. कानांना काहीच ऐकू येत नाही, पण फ्रिजचं दार उघडलेलं कळतं, हे कसं ते मला कुणी सांगितलेलं नाही. मूत्रपिंडांनी अर्धवेळ कामाचा अर्ज दिलाय, त्यामुळे पाणी खूप लागतं आणि लागलेलं पाणी लगेच बाहेरही येतं. वाशिमला पाणी येतं एकबुर्जीच्या धरणातून. उन्हाळ्यात तिथली पातळी खाली गेली की पेपरात फोटो येतो, आणि सौ. माझ्याकडे नाही, साहेबांच्या वाडग्याकडे बघते.

इतपत ठीक चाललं होतं. एक म्हातारा, एक म्हातारी आणि एक साहेब. मग पुण्याहून मुलीचा फोन आला.

मुलगी कॉलेजात असल्यापासून कुत्री उचलते. ती पुण्याला गेली, तिचा फोन नंबर मात्र वाशिमच्या सगळ्या उकिरड्यांवर राहिला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि रिसोड रोडवरच्या एका मोरीत पाच पिल्लं सापडली, आई नव्हती. "बाबा, फक्त पंधरा दिवस. फॉस्टर करायचंय, ठेवून घ्यायचं नाही."

"फास्टर म्हणजे लवकर जाणार ना?" सौ.नं विचारलं.

फॉस्टरला मराठीत नीट शब्द नाही. आमच्याकडे शेत ठोक्यानं देतात, बकरी बटाईनं देतात. बटाईत झालेल्या पिल्लांतली अर्धी सांभाळणाऱ्याची, अर्धी मालकाची. इथे मालक कोण हे माहीत नाही, आणि जे काही निघतं ते सगळं माझ्या वाट्याला येतं, बहुतेक फरशीवर.

पाच पिल्लं आल्यावर नावांचा प्रश्न आला. नावं ठेवली की माया लागते, म्हणून मुलीनं नंबर देऊन ठेवायला सांगितलं होतं. सौ.ला नंबर पटेनात. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून आमचा जिल्हा झाला, त्यात सहा तालुके. वाशिम म्हणजे साहेब स्वतः, जिल्ह्याचं ठिकाण. उरले पाच आणि पिल्लंही पाच. रिसोड, मालेगाव, मंगरूळ, कारंजा, मानोरा. यातलं मालेगाव म्हणजे आमचं, मालेगाव जहांगीर. हे दरवेळी सांगावं लागतं, नाहीतर लोकांना नाशिकचं वाटतं आणि पार्सलं तिकडे जातात.

या नावांनी माया लागणार नाही असा अंदाज होता. पण सकाळी सहाला सौ. मोरीतून ओरडली, "अहो उठा, मंगरूळला जुलाब सुरू झालेत," तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते पालकमंत्र्यांना कधी होत असेल का, याची मला शंका आहे.

पहिला दीड महिना पाचही तालुके मागच्या न्हाणीघरात, जिल्ह्याच्या ठिकाणापासून तोडलेले. कारण पार्व्हो. हा आजार पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवतो आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. साध्या फिनाईलला तो दाद देत नाही, ब्लीचिंग लागतं. साहेबांच्या लशी वेळच्या वेळी झालेल्या, तरी मोडक्या तब्येतीवर भरवसा कशाला ठेवा? तेव्हा न्हाणीघरात जाताना वेगळ्या चपला, बाहेर आल्यावर हात धुणं, अंगावरचा सदरा बदलणं. २०२० मध्ये जे शिकलो होतो ते वाया गेलं नाही. आम्ही दोघांनी दीड महिना स्नान पुढच्या अंगणात, साडेचार वाजता अंधारात उरकलं. गोचिडी चिमट्यानं काढून रॉकेलच्या डबीत टाकणं हे सौ.चं काम. ती संख्या मोजून रोज मला सांगायची. मी गणिताचा असल्यामुळे तिला वाटायचं मला आवडेल.

सातव्या-आठव्या आठवड्यात पहिली लस झाली, पुढे दुसरी, आणि तालुक्यांना जिल्ह्यात यायची परवानगी मिळाली. पाचही जणांनी साहेबांना पाहिलं. साहेबांनी काही पाहिलं नाही. ते आपल्या बारदान्यावर पडून होते. रिसोडनं शेपटी धरली, कारंजा पाठीवर चढली, मालेगाव त्यांच्या पोटाशी दूध शोधू लागलं. साहेबांनी मान उचलली, नाकानं हजेरी घेतली आणि सुस्कारा टाकून पुन्हा झोपले. बदली होऊन आलेला प्रत्येक अधिकारी पहिल्या दिवशी हेच करतो.

आता गोळ्यांविषयी. आमच्या फ्रिजवर प्लास्टिकचा एक डबा आहे, त्यात सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे. त्यातली टेल्मिसार्टन नावाची गोळी मला रक्तदाबासाठी, आणि तीच गोळी, मात्रा वजनाप्रमाणे, साहेबांना मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात म्हणून. मेडिकलवाल्याला हे समजावून सांगायला मला तीन महिने लागले. "सर, दोन पट्ट्या काहून?" "एक माझी, एक साहेबांची." "साहेबांचाबी बीपी वाढला का? टेन्शनचं काम हाय त्यांचं."

मी गोळी पाण्याबरोबर घेतो. साहेब पोळीबरोबर घेतात, म्हणजे पोळी घेतात. गोळी पोळीत घातली तर पोळी जाते आणि गोळी फरशीवर उरते, चाटूनपुसून लख्ख, दुकानात परत करावी अशी. गुळात घातली, गूळ गेला. पेढ्यात घातली, पेढा गेला आणि गोळी माझ्या चपलेत सापडली. नजर गेलेल्या, एकच दात नीट उरलेल्या प्राण्याच्या तोंडात ही निवडानिवड कुठे होते, हे मी टॉर्च लावून पाहिलंय. शेवटी तूप लावलेल्या पोळीच्या गुंडाळीवर तडजोड झाली, कारण तुपापुढे साहेबांचा विवेक चालत नाही.

एका सकाळी मी ती गुंडाळी साहेबांच्या तोंडाशी नेली आणि ते नेहमीप्रमाणे ती कुठे आहे याचा अंदाज घेत असताना रिसोडनं झडप घातली. पोळी, तूप, गोळीसकट फाटकाखालून पसार. मी मागे. अंगात बनियन, हातात तुपाची वाटी, कारण ती खाली ठेवायला वेळ कुठे होता? कॉलनीच्या कोपऱ्यावर दूधवाला उभा होता. त्यानं हात जोडले. नामदेवांचं नरसी इथून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावलेले नामदेव आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहेत. फरक एवढाच की ते तूप द्यायला धावले होते आणि मी पोळी हिसकून घ्यायला.

रिसोड सापडला तेव्हा तोंड रिकामं होतं. मी अकोल्याला डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पिल्लाचं वजन विचारलं, गोळीचा तुकडा केवढा होता ते विचारलं, आणि नजर ठेवा म्हणाले. दिवसभर रिसोड तालुका इतका शांत राहिला की दुपारी मी दोनदा आरसा धरून श्वास पाहिला. संध्याकाळी त्यानं माझा चष्मा फोडला आणि घरात आनंद झाला.

अकोल्याचं सांगायचं राहिलं. जवळचे जनावरांचे डॉक्टर माणूस देवासारखे, पण त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. केसपेपर लिहिणाऱ्यानं सवयीनं विचारलं होतं, "कितवं वेत?" तेव्हा रक्ताच्या तपासण्या वगैरे म्हटलं की अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या हाताखालची ती संस्था. इथून ऐंशीएक किलोमीटर. मालेगाव, मेडशी, पातूरचा घाट. घाटात साहेबांना मळमळतं, म्हणून सौ. ओवा बरोबर घेते. तो मीच खातो.

तिथल्या रांगेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बसलो होतो. त्याची बकरी, माझे साहेब.

"काय झालं बाप्पा तुमच्या कुत्र्याले?"

"किडनी."

"कुत्र्याले किडनी रायते?"

"दोन."

तो जरा वेळ विचारात पडला. "किती वर्साचं हाय?"

"चौदा."

"मंग काहून आनलं?"

त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. शेतकऱ्याचं घर, तिथे प्रत्येक जिवाला काम असतं आणि काम संपलं की हिशेब होतो. मी उत्तर जुळवत होतो तोवर त्याचा नंबर लागला. जाताना त्यानं खिशातलं अर्धं बिस्किट साहेबांपुढे धरलं, ते त्यांना दिसलं नाही, तर वाकून नाकाला लावलं. "खाय बुढ्या," म्हणाला.

सांध्यांच्या दुखण्याचा घोळ असा की ज्या गोळ्यांनी सांधे थांबतात त्या मूत्रपिंडांवर जातात. शेजारच्यांनी लगेच तोडगा सांगितला: माझ्या गुडघ्याचीच गोळी अर्धी करून द्या. ती देऊ नका, तुम्ही कुणीही देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या पोटाचा आणि मूत्रपिंडांचा सत्यानाश करतात. त्यांतलंच डायक्लोफेनॅक गुरांना टोचलं आणि ती गुरं खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा कुठे २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडं गेली ती गेलीच. मी लहानपणी मेलेल्या बैलाभोवती बघितलेली, आता नातवाला चित्रात दाखवतो.

साहेबांसाठी डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली, आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. हे घरी करायचं असतं हे ऐकून मी खुर्ची धरली होती. आता सराईत झालो. बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. मग कालनिर्णयच्या खिळ्याला टांगायची, कालनिर्णय तेवढ्यापुरतं खाली. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा, त्यात सुई. पाणी उतरायला लागलं की कातडीखाली टेंगूळ येतं, वाढतं, आणि वीस मिनिटांत साहेबांच्या खांद्यावर चांगलं बैलासारखं वशिंड तयार होतं. पुढे ते हळूहळू एका बाजूला ओघळतं आणि संध्याकाळपर्यंत जिरतं. या वीस मिनिटांत त्यांना धरून बसायचं काम सौ.चं. ती त्यांना माझ्या बहिणींविषयी सांगते, सविस्तर, सालवार. ते बहिरे आहेत हे तिला माहीत आहे. ऐकणारा मधे बोलत नाही हे तिला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच लाभलंय.

२०२५ च्या पोळ्याला, २२ ऑगस्टला, सलाईनचा वार आला होता. समोरची मुलं मातीचे बैल घेऊन ओवाळणी मागायला आली, त्यांनी वशिंड पाहिलं, आणि साहेबांच्या कपाळाला कुंकू लावून त्यांच्यापुढे ठोंबरा ठेवला. साहेबांनी ठोंबरा खाल्ला. पथ्यात तो बसत नाही, पण सणाला बैलाकडे पथ्यपाणी कोण बघतो?

तो दिवस आमच्या कॉलनीत आणखी एका कारणानं गाजला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा असं सांगितलं होतं, त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून पेढा दिला. २२ तारखेला न्यायालयानंच ते बदललं: नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली किंवा हल्लेखोर नसतील ती आपापल्या जागी सोडा. २०२३ च्या नियमांतही साधारण तेच आहे. तेव्हा मी काकूंकडे पेढा घेऊन गेलो. काकू दर पौर्णिमेला कारंज्याच्या गुरुमंदिरात जातात, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव ते. त्यांच्या दारावर दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री. मी म्हटलं, "काकू, चार वेद तुमच्या दारात आहेत, सहा माझ्याकडे."

"तसबिरीतले वेद जिन्यात मुतत नाहीत, सर," काकू म्हणाल्या. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी जिना धुतो.

ऑगस्टमध्ये पिल्लं द्यायला काढली. मुलीनं पुण्याहून प्रश्नावली पाठवली होती: घर स्वतःचं आहे का, आवार बंदिस्त आहे का, तुम्ही गावाला गेल्यावर पिल्लू कोण सांभाळेल? येणाऱ्यांचे प्रश्न वेगळे होते. "रोही हाकलते का?" रोही म्हणजे नीलगाय, सोयाबीनच्या उभ्या शेतात तिचा कळप शिरला की वर्ष गेलं. रानडुकरांचं तर विचारूच नका. तेव्हा जागलीला कुत्रा हवा हे रास्त आहे. मी रिसोडकडे पाहिलं. तो झाडूशी भांडून हरला होता. "हाकलेल," मी म्हटलं.

रिसोड आणि मालेगाव आठवड्याच्या आत गेले. दोघं नर. मंगरूळ, कारंजा, मानोरा या माद्या, आणि मादी म्हटलं की आलेला माणूस चहा अर्धा टाकून उठतो. "पिल्लं देते ना सर." ऑपरेशन करून देऊ, वेळ आली की खर्च आमचा, असं सांगितलं तरी तो चपला घालत असतो. मोरीत टाकलेल्या पिल्लांत माद्या जास्त का असतात, हे तेव्हा मला कळलं. मंगरूळला एका शिक्षिका बाईंनी नेलं, त्यांनी प्रश्नच विचारला नाही. कारंजा अमरावतीला गेली, रोज तिचा सोफ्यावरचा फोटो येतो. आम्हाला आमच्या सोफ्यावर बसायला अजून जागा नाही.

मानोरा राहिली.

साहेबांना रात्री फिरायची सवय लागलीय. म्हातारपणी कुत्र्याचा मेंदूही माणसासारखाच वाट चुकतो. तीनच्या सुमाराला ते उठतात, पाण्याकडे निघतात आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला नाक लावून उभे राहतात. मागे वळता येतं हे त्यांच्या लक्षात येत नाही. पूर्वी मी सकाळी उठायचो तेव्हा ते तिथेच उभे असायचे, पायाखाली तळं, मान खाली, एखाद्या शिक्षा केलेल्या पोरासारखे. किती वेळ उभे असतील, देव जाणे. आता मानोरा येऊन माझी चादर ओढते. नाही उठलो तर पाय चावते. मी जाऊन साहेबांना वळवतो, मग ती पुढे चालते, ते नाकानं तिच्या मागे, आणि वाडग्यापाशी दोघं एकदमच पाणी पितात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी तर नाहीच. मला सूत्र सोडून काही शिकवता येत नाही.

तरी ती द्यायची आहे. मुलीला शब्द दिलाय. मानोरा, मादी, वय साडेतीन महिने, रंग काळा, पुढचे पाय पांढरे. लशी झाल्या, रेबीजचीही. ऑपरेशन वेळेवर करून देऊ. रोही हाकलते की नाही ते पाहिलेलं नाही. पोळीला तूप लागतं. कुणाला हवी असल्यास जरूर यावं, पण सोयाबीन निघाल्यावर. तोवर साहेबांना रात्री तिचं काम आहे.